हत्यारांची वाटणी आणि आत्याबाई

आईने सही करायला पेन टेकवलं आणि ते उमटलंच नाही.

तिने कागदाच्या कोपऱ्यात चार गोल काढून बघितले, पेन झटकलं, टोकावर फुंकर मारली. मग ते बाजूला ठेवलं आणि फरशीवाल्याकडे बघितलं. "ह्या घरात आता पेनसुद्धा सुरू होत नाही, बघा."

फरशीवाला दोन वाजता म्हणजे दोनच्या ठोक्याला येऊन शेडच्या दाराशी बसला होता. मांडीवर भाडेकराराचे कागद, पायाशी नमुन्याच्या फरश्यांची पेटी. त्याने घाईघाईने शर्टाच्या खिशातून स्वतःचं पेन ओढलं, तसं त्याच्याबरोबर एक कार्डही बाहेर येऊन जमिनीवर पडलं.

"हे बघा काकू." त्याने कार्ड उचलून पँटला पुसलं. "तुमच्या मिस्टरांनी बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने दिलेलं. अजून जपून ठेवलंय. आपले संबंध आजचे नाहीत."

मातकट रंगाचं कार्ड. चित्र नाही, घोषवाक्य नाही. 'चेनसॉ दुरुस्ती', खाली फोन नंबर, संपलं. दादाने मान फिरवली. अण्णांची ती कार्डं बघितली की थोरल्या मुलाला अजूनही चारचौघांत बनियनवर उभं केल्यासारखं वाटायचं. अण्णा गेल्यावर आठवडाभरात त्याने ती सगळी रद्दीत घातली होती आणि सोनेरी उठावाच्या अक्षरांची नवी छापून घेतली होती.

आई त्या कार्डाकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ. मग फरशीवाल्याचं पेन तसंच त्याच्या हातात ठेवून ती मागे टेकली आणि वरच्या फळीकडे बोट केलं.

"आत्याबाईंना खाली काढा."

आत्याबाई म्हणजे अण्णांची पहिली चेनसॉ. हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. सुरू व्हायला वेळ लागतो, आणि एकदा सुरू झाली की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. खऱ्या आत्याबाई हयात होत्या तोवर हे नाव शेडमध्ये दबक्या आवाजात घेत. त्या गेल्यावर मोकळेपणाने घेऊ लागले, आणि मग मशीनही बंद पडलं.

"आई, आता कशाला ते?" दादा म्हणाला. "हे खोळंबलेत."

"बसू दे. खुर्ची दिलीय." आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "चार वाजायच्या आत आत्याबाई सुरू झाल्या, तर सही नाही. शेड राहील आणि ताई चालवेल. नाही झाल्या, तर मागच्या दोन खोल्यांसकट किल्ली ह्यांची. दोन्हीकडून कटकट ऐकून माझे कान किटलेत."

ताई आधीच स्टूल ओढून फळीपाशी पोचली होती.

तिचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणून कोणी बोलत नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती एक सुटकेस घेऊन आली आणि अण्णांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. अण्णांनी काही विचारलं नाही, हातात कानस दिली. तेव्हापासून ती त्या स्टुलावर होती. शेड गेली की ती आणि आई राहायच्या त्या मागच्या खोल्या जाणार, आणि मग कोणत्यातरी भावाच्या घरी, कोणत्यातरी कपाटाशेजारी, 'ताई, तेवढी भाजी चिरशील?' ह्या प्रश्नाची वाट बघत आयुष्य काढायचं. ह्यापेक्षा गंजलेला क्लच बरा.

तिने आत्याबाईंना टेबलावर ठेवलं, धूळ झटकली, दोरी ओढून बघितली. दोरी बोटभरसुद्धा हलली नाही.

"साखळी गंजून बसलीय. क्लच ड्रमला चिकटलाय." तिने हात पुढे केला. "दादा, प्लगचा कॉम्बी पाना."

दादाने त्याच्या चामडी बॅगेवर हात ठेवला. "ग्रुपवर टाकलंस?"

"काय?"

"विनंती. हत्यार पाहिजे असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर कळवायचं ठरलंय. नियम आहे."

"नियम तू केलास."

"कोणीतरी करायलाच पाहिजे होता."

हे सगळं सुरू झालं ते सहा महिन्यांपूर्वी, वाटणीच्या दिवशी. वाटणी तिघांत अगदी सारखी झाली होती, आणि घोळ तिथेच होता. अण्णांची सगळी हत्यारं जमिनीवर मांडली आणि तिघांनी आळीपाळीने एकेक उचलायचं ठरलं. ताईने पहिल्या फेरीत गोल कानस उचलली, कारण ती रोज लागते. दादाने लगेच कानशीची मूठ उचलली, कारण ताईकडे पूर्ण कानस जायला नको. धाकट्या बारक्याने कानस सरळ धरायची पट्टी उचलली, कारण दोघांनी काहीतरी उचललं होतं आणि त्याला मागे राहायचं नव्हतं. तिथून पुढे कोणी हत्यार उचललंच नाही, दुसऱ्याचा सेट मोडायलाच हात गेले. पान्यांच्या सेटमधले आठ, अकरा आणि चौदा नंबर दादाकडे, नऊ आणि बारा बारक्याकडे, दहा आणि तेरा ताईकडे. पेट्रोलचा कॅन बारक्याकडे, त्यात मिसळायचं ऑइल दादाकडे. संध्याकाळी तिघंही समाधानाने घरी गेले, आणि तेव्हापासून ह्या शेडमधून एकही मशीन दुरुस्त होऊन बाहेर पडलं नव्हतं. कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या चौदा चेनसॉ रांगेत पडून होत्या, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या.

वाटता आली नाही ती भिंतीवरची फळी. हत्यारं अडकवायची मोठी फळी, आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराभोवती पिवळ्या रंगाने काढलेली रेषा, म्हणजे कोणतं हत्यार जागेवर नाही ते लांबूनही कळावं. तिचे तीन तुकडे करायचं ठरलं होतं. पण तुकडे करायला चेनसॉ लागते, आणि ती सुरू करायची हत्यारं आधीच वाटली गेली होती. त्यामुळे फळी अखंड होती, आणि रिकामी, नुसत्या पिवळ्या आकृत्यांची. पान्यांची भुतं, पकडींची भुतं. आणि खाली कोपऱ्यात एका खिळ्याखाली एक लहानसा पिवळा चौकोन, ज्यात बसेल असं हत्यार वाटणीत निघालंच नव्हतं. ते बारक्याने लांबवलं ह्याबद्दल दादाला शंका नव्हती. दादाने लांबवलं हे बारक्या शपथेवर सांगायला तयार होता. त्या चौकोनी हत्याराचा उपयोग काय, ते दोघांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे ते फार महत्त्वाचं असणार ह्यावर दोघांचं एकमत होतं.

"दादा, तो पाना दे ना," बारक्या म्हणाला. "मी माझा पेचकस देतोय ना? लगेच देतोय."

"तू दे आधी."

"तू दे मग मी देतो."

"दोघं एकदम द्या," आई म्हणाली. "मी तीनपर्यंत मोजते."

तिने खरोखर मोजलं. पंचेचाळीस आणि एकोणचाळीस वर्षांच्या दोन पुरुषांनी तीनला एकदम हात पुढे केले. फरशीवाल्याने नजर छताकडे वळवली.

दादाचं मन खरं तर शेडमध्ये नव्हतंच. ते शोरूमच्या मागच्या केबिनमध्ये होतं. फरशीवाल्याने त्याला एकट्याला गाठून शब्द दिला होता: शेडच्या जागी शोरूम झालं की काचेची केबिन, त्यात फिरती खुर्ची, आणि खुर्चीत दादा. गेले पंधरा दिवस त्याला अधूनमधून झोपेतही पाय ढकलून गोल फिरल्यासारखं वाटत होतं. त्यामुळे मदत करतोय असं दिसायला हवं आणि मशीन सुरू होता कामा नये, अशी कसरत त्याला करायची होती. त्यासाठी त्याने सगळ्यात सोपा मार्ग निवडला. तो स्वतः पुढे झाला.

"सरक. क्लच मी काढतो."

ताईने प्लग काढून त्याच्या भोकातून जाड दोरीचा तुकडा सिलिंडरमध्ये सोडला होता, पिस्टन अडून राहावा म्हणून. दादाने क्लचला पाना लावला, बाह्या वर केल्या आणि जोर लावला.

"दादा, उलटा आटा आहे त्याला."

"मला शिकवू नकोस."

"अरे, तू आवळतोयस तो."

"अण्णांबरोबर तुझ्याआधी मी काम केलंय!"

"एक उन्हाळाभर," आई म्हणाली.

"बाण कोरलाय बघ ना त्याच्यावर," बारक्याने बोट घातलं. "बाण इकडे, तू तिकडे."

"बाण कंपनीने कोरलाय. कंपनीला काय कळतं!" दादाने पान्याच्या टोकावर दोन्ही हातांनी भार टाकला, एक पाय टेबलाला लावला, दात खाल्ले. क्लच होता त्याहून अर्धा आटा घट्ट बसला, पाना निसटला, हवेत दोन कोलांट्या मारून दाराकडे गेला आणि फरशीवाल्याच्या पेटीवर आडव्या ठेवलेल्या फरशीवर पडला.

फरशीचे चार तुकडे झाले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या तुकड्यावर छापलेलं होतं: 'हातोडा मारून बघा.'

फरशीवाल्याने तो तुकडा उलटा करून ठेवला.

"हातोडा मारला तर नाही फुटत," फरशीवाला म्हणाला. "पाना वेगळा."

"लागलं नाही ना तुम्हाला?" ताईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पाना उचलून आणला. तिने तो क्लचला लावला आणि बाणाच्या दिशेने, हातोडीचे दोन छोटे ठोके देऊन, फिरवला. क्लच कुरकुरला आणि सुटला. दादा हाताच्या तळव्याला फुंकर घालत तिची पाठ बघत राहिला. नेमकी तशीच पाठ अण्णांची असायची, वाकलेली आणि त्याच्याकडे वळलेली.

पावणेतीन वाजले. फरशीवाल्याने घसा साफ केला. फुटलेल्या फरशीनंतर वातावरण जरा हलकं करावं असं त्याला वाटलं, आणि त्याने चूक केली.

"असो. उद्यापासून साहेबांना हे हात काळे करायला नकोत. साहेब आपले केबिनमध्ये, फिरत्या खुर्चीत."

"अहो, त्यात काय," दादा लाजून म्हणाला.

"आपल्याला सवय आहे कामाची," बारक्याही त्याच क्षणी लाजून म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी फरशीवाल्याकडे बघितलं. फरशीवाला फरशीचे तुकडे जुळवून बघू लागला.

"किती केबिनी आहेत शोरूममध्ये?" बारक्याने शांतपणे विचारलं.

"एकच. पण मोठी आहे."

"आणि खुर्च्या?"

फरशीवाल्याला एका तुकड्याची जागा सापडत नव्हती.

बारक्याला आयुष्यभर दादाचे शर्ट आखूड करून घालायला मिळाले होते. दादाची सायकल, दादाची पुस्तकं, दादाने नाकारलेली एक मुलगीसुद्धा, जी आता घरी त्याच्या फोनची वाट बघत होती. खुर्ची तरी कोरी मिळेल असं त्याला वाटलं होतं. तो उठला, त्याच्या पिशवीतून बारीक पेचकस, नऊ नंबर, बारा नंबर आणि ब्रश काढला आणि ताईसमोर ओळीने मांडला.

"घे ताई. जे पाहिजे ते घे. ग्रुपवर टाकायची गरज नाही."

"बारक्या!" दादा ओरडला.

"ओरडू नकोस. तू बस जाऊन खुर्चीत. फिर गोल."

ताईने कार्बोरेटर उघडला. आत जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. ती ब्रशने खरवडत होती, बारक्या तिच्यासाठी दिवा धरून उभा होता, आणि तो दिवा मुद्दाम अधूनमधून दादाच्या डोळ्यांवर मारत होता. आता लागणार होता आठ नंबर. ठिणगी देणाऱ्या कॉइलचे स्क्रू, तिच्याजवळच्या चुंबकाच्या चाकाचं नट, सगळं आठ नंबर. तो दादाच्या बॅगेत होता, आणि दादाने बॅग उचलून मांडीवर घेतली होती, वर दोन्ही हात.

"आठ नंबर दे, दादा."

"हरवलाय."

"बॅगेत खुळखुळतोय."

"ती किल्ली आहे घराची."

सव्वातीनला मोठी वहिनी चहा घेऊन आली. दादाची बायको शेडमध्ये वर्षातून दोनदा यायची, आणि येताना दारातच चप्पल काढावी की ठेवावी ह्यावर थोडा विचार करायची. आज ती फार प्रसन्न होती. सही झाली असणार ह्या हिशोबाने तिने बिस्किटंही आणली होती.

"आई, चहा घ्या. वन्सं, तुम्हीपण." ती आईच्या शेजारी बसली आणि तिने आवाजात साखर घातली. "आता काळजी नाही हं आई. बारक्या भाऊजींकडे गॅलरी केवढी मोठी आहे! सकाळचं ऊन मिळेल तुम्हाला. वन्संनाही जागा मोकळी. मला इतकं बरं वाटलं ऐकून."

बारक्याने दिवा वहिनीकडे वळवला. "आमच्याकडे?"

"हो ना, तुमच्याकडेच. ह्यांनी सांगितलं ना मला, ठरलंय म्हणून."

"मला दादाने सांगितलं, तुमच्याकडची मागची खोली रिकामी केली म्हणून! पडदेसुद्धा शिवलेत म्हणाला!"

वहिनीने कप खाली ठेवला. बशीचा आवाज झाला.

"अहो," ती म्हणाली.

ह्या एका शब्दाचे वहिनीकडे निदान अकरा प्रकार होते आणि दादा सगळे ओळखायचा. हा अकरावा होता. बाराव्याची कधी वेळ आली नव्हती.

"म्हणजे तसं बघायला गेलं तर," दादा बोलू लागला, "अजून फायनल काहीच..."

"मागच्या खोलीत माझी व्यायामाची सायकल आहे."

"आहे ना."

"तिच्यावर मी बसते रोज."

"तिच्यावर टॉवेल वाळतात," आई मध्येच म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. आपल्याला कुठे ठेवायचं ह्यावर चाललेली चर्चा ती दुसऱ्या कोणाच्या घरची भांडणं ऐकावीत तशी ऐकत होती. तिला खरं तर मजा येत होती. दोन मुलगे, दोन घरं, आणि दोन्ही घरांत दादाने पोचवलेलं एकच खोटं. निदान ह्या बाबतीत तरी वाटणी अगदी सारखी झाली होती.

वहिनी उठली. तिने चप्पल घातली होती ते बरंच झालं, कारण ती सरळ ऑइलमधून चालत गेली, नवऱ्याच्या मांडीवरची बॅग उचलली आणि चेन उघडून टेबलावर उलटी केली. पाने, मुठी, स्प्रिंग, ऑइलची बाटली, एक तुटकी बटणाची वायर आणि एक कंगवा, सगळं खणखणत बाहेर आलं. घराची किल्ली त्यात नव्हती.

"वन्सं, ह्यातलं काय काय लागतं? सगळं घ्या. किती वाजले? तीन पंचवीस? अहो, उभे काय राहिलात, ऑइल मिसळा ना पेट्रोलमध्ये! भाऊजी, कॅन आणा!"

"तुला काय कळतं त्यातलं?" दादा पुटपुटला.

"मला सायकल कळते."

पुढची वीस मिनिटं त्या शेडने सहा महिन्यांत बघितलं नव्हतं ते बघितलं. दादाने ऑइल ओतलं आणि बारक्याने पेट्रोल, दोघंही मापाच्या रेषेवर डोळे लावून, एकमेकांनी थेंबभरही जास्त घालू नये म्हणून. वहिनी पान्यांचे नंबर वाचून पुढे करत होती, आणि 'बारा' म्हटलं की खरोखर बारा देत होती. ताईने साखळी आणि ती जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी बाजूला काढून ठेवली. क्लच घासून तेल देऊन परत बसवला, कार्बोरेटर जोडला, दोरी ओढली. दोरी सर्रकन बाहेर आली आणि आत गेली. बारक्याने टाळी वाजवली. आत्याबाई खोकल्याही नाहीत.

ताईने प्लग काढला, मशीनच्या अंगाला टेकवून दोरी ओढली आणि डोळे बारीक केले. "ठिणगी आहे, पण मेलेली. कॉइल चाकापासून लांब गेलीय. मधलं अंतर लावायला पाहिजे." पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला. "कॉइल अण्णा स्वतः लावायचे. माझ्याकडे पाठ करून. मधे कार्ड सरकवायचे एवढंच माहितीये मला. कोणाकडे कार्ड आहे?"

हा प्रश्न त्या दोन भावांना कोणी आजवर इतक्या कळकळीने विचारला नव्हता. दोघांचे हात एकदम खिशात गेले.

दादाचं सोनेरी कार्ड कॉइल आणि चाकाच्या मध्ये जाईना. उठावाची अक्षरं आडवी येत होती. जोर करून घातलं तेव्हा 'संचालक' ह्या शब्दावर अडकलं. त्या अंतराने ठिणगीच आली नाही. बारक्याचं कार्ड प्लास्टिकचं होतं, त्यावर फोन कानाला लावून हसणारा बारक्या. तो चाकाला घासून निघाला, अर्धा चेहरा गेला, आणि ठिणगी तशीच मेलेली. घाईत आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे विसरून फरशीवाल्यानेही स्वतःचं कार्ड पुढे केलं. ते फरशीसारखं दिसत होतं आणि जवळपास तेवढंच जाड होतं.

दहा मिनिटं उरली. ताईने हात पुसले आणि पुन्हा पुसले. ते स्वच्छ झाले तरी ती पुसतच राहिली.

"अण्णा तर कसल्याही कार्डाने लावायचे," दादा म्हणाला. आता त्यालाही मशीन सुरू व्हायला हवं होतं. संध्याकाळी बायकोबरोबर त्याच घरी जायचं होतं.

"कसल्याही नाही," आई म्हणाली.

ती उठून फरशीवाल्यासमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"ते मघाचं कार्ड द्या जरा."

फरशीवाल्याचा हात खिशावर गेला. तो मूर्ख नव्हता. "काकू, ते... आठवण आहे हो माझ्याकडे त्यांची."

"मग चांगलंच आहे. आठवणच हवीय."

"नाही, पण तुमच्याकडे असतीलच की..."

"ती रद्दीत गेली. कोणी घातली ते विचारू नका, तो इथेच उभा आहे." आईचा हात तसाच होता. "आपले संबंध आजचे नाहीत म्हणालात ना मघाशी? की तेही फरशीसारखंच?"

फरशीवाल्याने चार तुकड्यांकडे बघितलं आणि कार्ड काढून दिलं.

"ह्या कागदासाठी ह्यांनी छापखान्याला तीन खेपा घातल्या होत्या," आई ताईला म्हणाली. "मी होते बरोबर. छापणारा विचारत होता, वर काय छापू, चित्र कोणतं, रंग कोणता. हे म्हणाले, वर काय वाट्टेल ते छाप, जाडी एवढीच पाहिजे. पोलादी पट्टी चाकाच्या चुंबकाला चिकटते. कागद चिकटत नाही. घाल मध्ये. चाक फिरव. कॉइल आपोआप ओढली जाईल, मग स्क्रू आवळ आणि कार्ड काढून घे."

ताईने मातकट कार्ड सरकवलं. ते लोण्यात सुरी जावी तसं गेलं. आठ नंबरने तिने स्क्रू आवळले, कार्ड काढून आईच्या हातात दिलं, मशीनवर पाय ठेवला आणि दोरी ओढली. एकदा. दुसऱ्यांदा आत्याबाईंनी धूर सोडला. तिसऱ्यांदा ओढायच्या आधी ताईने घड्याळाकडे बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं. तीन सत्तावन्न.

आणि आत्याबाई बोलल्या.

पत्र्याची शेड, त्यात तो आवाज. चहाचे कप बशीत नाचायला लागले. फरशीवाला काहीतरी म्हणाला, बहुधा कायद्याचं, पण त्याचे नुसते ओठ हलताना दिसले. बारक्याने बंद करायचं बटण शोधलं. बटणाच्या जागी भोक होतं. त्याने दादाकडे बघितलं, आणि दादाने टेबलावर पडलेल्या त्या तुटक्या वायरीकडे. वाटणीच्या शेवटच्या फेरीत हाताला काही लागेना, तेव्हा त्याने मशीनचं बटणच उपटून घेतलं होतं.

चोक ओढून ताईला आत्याबाईंना गप्प करता आलं असतं. तिचा हात चोकच्या शेजारीच होता. तिने तो ओढला नाही.

आईने फरशीवाल्याच्या मांडीवरचे कराराचे कागद उचलले, नीट घडी घातली आणि आत्याबाईंखाली जिथे ऑइल ठिबकत होतं तिथे सरकवले. मग ती फळीपाशी गेली. मागून वहिनी आली होती, हातात आठ नंबर घेऊन, आणि पिवळ्या आकृत्यांमध्ये त्याची जागा शोधत होती. सापडली. तिने पाना अडकवला आणि अकरा आणायला परत गेली.

आई खाली कोपऱ्यात वाकली. सहा महिने हे दोघे त्या लहान चौकोनावरून एकमेकांना चोर म्हणत होते, आणि ह्या रेषा कोणी काढल्या हे एकानेही विचारलं नव्हतं. तिने काढल्या होत्या, बारीक ब्रशने, एकेक हत्यार फळीवर दाबून धरून. तिने कार्ड हाताने पुसलं, अण्णा प्रत्येक कार्डाच्या वरच्या कडेला पाडून ठेवायचे ते बारकं भोक खिळ्यात अडकवलं आणि मागे सरकली. चारही बाजूंनी पिवळी रेषा बरोबर कडेला लागली, केसाचंही अंतर उरलं नाही.

बारक्याचं तोंड उघडं राहिलं. दादा दोन पावलं पुढे आला, चौकोनाकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, मग भावाकडे, बहिणीकडे. त्याच्या डोळ्यांत काहीतरी दाटून आलं होतं, आणि त्याने ओठ हलवले. त्या आवाजात काही ऐकू आलं नाही, पण त्या घरातल्या कोणालाही ते ऐकायची गरज नव्हती. तो विचारत होता, हे कोणाच्या वाट्याला?

त्याने पुन्हा विचारलं, जास्त मोठ्याने. आईने कानामागे हात धरून मान हलवली. ताईने चोकजवळचा हात उचलला, आणि ॲक्सिलरेटर दाबला.